ययातीतल्या कोवळ्या ताऱ्यांचं वय काढताना

डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊ-दहाच्या सुमारास ययाती तारकासमूह इंदूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो. त्यातल्या ओमिक्रॉन पर्सी या ३.८ प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ताऱ्याला खेटून आयसी ३४८ हा तारकागुच्छ आहे. याम्योत्तरावर येताना त्याची उंची इथून ८० अंशांच्या वर जाते. राजवाड्याकडे राहा की विजयनगरात, गच्चीवरून ओमिक्रॉन पर्सी दिसला तरी पुष्कळ म्हणायचं. ज्या ढगात हे तारे जन्मले तो दिसण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा वयाचं काम लॅपटॉपवर, सगळ्यांना खुल्या असलेल्या नोंदींवर करायचं. इंदूरात आम्ही काही शिकवणारे आणि काही शिकणारे मिळून ते ज्या रीतीने करतो, ती रीत इथे मांडली आहे. साधनं मोजकी आहेत: गाया उपग्रहाची जून २०२२ मधली तिसरी यादी, टूमास सर्वेक्षणाची अवरक्त यादी, स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीची मोजमापं, अपोजी सर्वेक्षणाचे वर्णपट, याद्या जुळवायला टॉपकॅट, हिशेबाला पायथन आणि शेवटी बराफ व सहकाऱ्यांची २०१५ ची प्रतिमानं, म्हणजे तारा वयानुसार कसा बदलतो याची गणितं.

यादीला हात लावण्याआधी वय कशावरून निघतं ते कागदावर स्पष्ट हवं. नुकताच जन्मलेला, सूर्याहून हलका तारा अजून हायड्रोजन जाळत नसतो. तो स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवर तळपतो. चुशिरो हायाशी यांनी १९६१ मध्ये दाखवलं की आतून पूर्णपणे खदखदणारा असा तारा आकसताना पृष्ठभागाचं तापमान फारसं बदलू देत नाही, फक्त मंद होत जातो. तापमान आणि दीप्तीच्या (ताऱ्याच्या एकूण उजेडाच्या) आलेखावर तो जवळजवळ सरळ खाली उतरतो, आणि किती उतरला यावरून वय. आकसणाऱ्या गोळ्याच्या ऊर्जेचा जमाखर्च मांडला की एक सूत्र हाती येतं:

वय (लाख वर्षांत) ≈ ४५ × वस्तुमान² ÷ (त्रिज्या × दीप्ती)

तिन्ही राशी सूर्याच्या मानाने घ्यायच्या. हे सूत्र पाठच असू द्या. प्रतिमानातून आलेलं वय याच्या दोनपटीच्या पलीकडे गेलं, तर प्रतिमानाला दोष देण्याआधी आपण भरलेले आकडे तपासायचे. बहुतेक वेळा कुठेतरी क्षीणन (धुळीमुळे ताऱ्याचं मंद दिसणं) वजा करायचं राहिलेलं असतं, नाहीतर दोनदा केलेलं असतं.

या सूत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तापमान स्थिर असेल तर त्रिज्या दीप्तीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे वय दीप्तीच्या दीड घाताच्या व्यस्त प्रमाणात. दीप्ती अंतराच्या वर्गाने बदलते, म्हणजे वय अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात! अंतर १० टक्के जास्त धरलं की तारा २५ टक्के तरुण ठरतो. पुढची जवळजवळ सगळी उस्तवारी दीप्ती चुकू नये म्हणूनच आहे.

म्हणून सुरुवात अंतरापासून. जयसिंहाने उज्जैनला बांधलेल्या वेधशाळेत आकाशातल्या जागा मोजत. गायानेही जागाच मोजल्या, फक्त मिलिआर्कसेकंदाच्या (अंशाच्या छत्तीस लाखाव्या भागाच्या) लहानशा हिश्श्यापर्यंत. गायाच्या संग्रहात ३ तास ४४ मिनिटं ३४ सेकंद, अधिक ३२ अंश १० कला या जागेभोवती ०.४ अंश त्रिज्येचं वर्तुळ मागायचं. गुच्छाच्या ३२० पारसेक अंतरावर (पारसेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं) त्याची त्रिज्या साधारण २.२ पारसेक होते. गुच्छाचा गाभा त्यात मावतो. स्तंभ मागताना पराशय (पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं, ज्यावरून अंतर निघतं), त्याची त्रुटी, दोन्ही निजगती (ताऱ्याचं आकाशात दरवर्षी सरकणं), तिन्ही पट्ट्यांतल्या प्रती आणि 'रूवे' हा निर्देशांक विसरायचा नाही. तातडीच्या पद्धतीने चालवलेली विचारणा तिथे २००० ओळींवर कापली जाते. यादी व्यवस्थित उतरल्यासारखी दिसते आणि अर्धा गुच्छ बाहेर राहिलेला असतो. ओळींची संख्या बरोबर २००० आली की समजायचं, आणि विचारणा रांगेतल्या पद्धतीने पुन्हा लावायची.

आता या वर्तुळातले सगळेच तारे गुच्छाचे नाहीत. आयसी ३४८ चा पराशय ३.१ मिलिआर्कसेकंदांच्या आसपास आहे. निजगती पूर्वेकडे वर्षाला साधारण ४.४ आणि दक्षिणेकडे ६.८ मिलिआर्कसेकंद. पराशय २.७ ते ३.६ आणि निजगती या केंद्रापासून १.५ च्या आत, अशी चाळणी आम्ही लावतो. ३२० पारसेकवर वर्षाला १ मिलिआर्कसेकंद म्हणजे सेकंदाला १.५ किलोमीटर, आणि गुच्छातल्या ताऱ्यांच्या आपसातल्या वेगांचा पसारा त्याच्या निम्म्याएवढाच. म्हणून ही चाळणी सैल वाटेल. पण मंद ताऱ्यांच्या मोजमापातल्या त्रुटी मोठ्या असतात. गायाची पराशयातली त्रुटी १७ व्या प्रतीला ०.०७ आणि २० व्या प्रतीला ०.५ मिलिआर्कसेकंद आहे. सगळ्यांना एकच घट्ट चाळणी लावली तर हलके तारे गळतात आणि गुच्छाचा तळच कापला जातो.

प्रत्येक ताऱ्याचं अंतर त्याच्या स्वतःच्या पराशयावरून काढायचा मोह होतो. करू नये. गुच्छाची खोली दोन-चार पारसेक, आणि मंद ताऱ्याच्या पराशयातली त्रुटी अंतरात पन्नास पारसेक घालून मोकळी होते. १६ व्या प्रतीहून तेजस्वी सदस्यांचा भारित मध्य काढून तेच अंतर सगळ्यांना द्यायचं. गायाच्या पराशयात शून्याचा एक छोटा ढळ आहे, शतांश मिलिआर्कसेकंदांच्या घरातला. ३.१ पुढे तो एक टक्का, म्हणजे वयात तीन टक्के. दुरुस्ती करायची, पण त्यावर रात्र घालवायची नाही.

रूवेचं तसं नाही. हा निर्देशांक १.४ च्या वर गेला की ताऱ्याची हालचाल एकट्या ताऱ्यासारखी नाही, बहुधा जोडीदार आहे, असा रूढ संकेत आहे. कोवळ्या ताऱ्यांना हा आकडा जसाच्या तसा लावला तर भोवती धुळीची तबकडी असलेले चांगले एकटे तारेही बाहेर पडतात, कारण तबकडीतून विखुरणारा प्रकाश प्रतिमेचा मध्यबिंदू हलवत राहतो. तबकडीच्या ताऱ्यांना २.५ पर्यंत मोकळीक द्यावी. नाहीतर सगळ्यांत तरुण तारेच वेचून काढले जातात आणि गुच्छ उगाच म्हातारा होतो.

याद्या जुळवायला टॉपकॅटमध्ये १ आर्कसेकंद त्रिज्या पुरते. गायाची नोंद २०१६ ची, टूमासची १९९७ ते २००१ मधली. एवढ्या काळात गुच्छाचे तारे ०.१४ आर्कसेकंदच सरकतात. टूमासच्या तिन्ही पट्ट्यांना 'ए' दर्जा असलेलेच तारे घ्यावेत. आयसी ३४८ भोवती तेजोमेघाचा उजेड आहे, आणि खालच्या दर्जाच्या मोजमापांत तो उजेड ताऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

पुढचा टप्पा तापमानाचा, आणि तो रंगावरून काढायचा नाही. ढगातल्या ताऱ्याचा रंग धुळीने लाल झालेला असतो. थंड तारा आणि धुळीमागचा गरम तारा रंगाने सारखेच दिसतात. वर्णपट हवा. अपोजीने या गुच्छाचे आणि शेजारच्या एनजीसी १३३३ या कोवळ्या गुच्छाचे १.५ ते १.७ मायक्रॉन पट्ट्यातले वर्णपट घेतले आहेत, ते खुले आहेत. प्रकाशित याद्यांमधून वर्णपटीय वर्ग (गरमाकडून थंडाकडे एफ, जी, के, एम) घेतला तरी चालतो. वर्गावरून तापमान काढताना कोवळ्या ताऱ्यांसाठी केलेला तक्ता वापरायचा, प्रौढ बुटक्या ताऱ्यांचा नाही. जी ५ ते के ६ या वर्गांत कोवळा तारा त्याच वर्गाच्या प्रौढ ताऱ्याहून सुमारे २५० केल्व्हिन थंड असतो. कोवळ्यांच्या तक्त्यात एम ० ला ३७७० केल्व्हिन, एम १ ला ३६३०, एम ४ ला ३१६०. वर्गात एका पायरीची चूक झाली तर मुख्यतः वस्तुमान चुकतं; वयही थोडं हलतं, कारण समवय रेषा (आलेखावर एकाच वयाच्या ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा) तिरप्या असतात.

आता क्षीणन. या कामात सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो, आणि जायला हवा. दृश्य प्रकाशात एका प्रतीचं क्षीणन दुरुस्त करायचं राहिलं आणि दीप्तीही दृश्य पट्ट्यातूनच काढली, तर दीप्ती अडीच पटींनी चुकते आणि वय चौपट होतं. तेच जे पट्ट्यात, म्हणजे १.२५ मायक्रॉनवर, क्षीणन दृश्याच्या ०.२८ पट असतं, म्हणून तीच चूक वयात दीडपटीपर्यंत आटोक्यात राहते. दीप्तीसाठी जे पट्टाच का, याला दुसरंही कारण आहे. तबकडीतलं द्रव्य ताऱ्यावर कोसळताना निळा आणि अतिनील उजेड वाढतो, तर तबकडीची गरम धूळ के पट्ट्यात (२.२ मायक्रॉनवर) आणि पुढे उजेड घालते. जे या दोन्हींच्या मधे आहे. तिथे ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश सगळ्यांत निर्भेळ मिळतो. गायाच्या निळ्या-लाल पट्ट्यांचा रंग घेऊन आलेख काढणं सोपं आहे आणि पुष्कळ लोक तेच करतात. मंद, लाल ताऱ्यांच्या बाबतीत मात्र गायाची निळी प्रत खऱ्याहून तेजस्वी नोंदली जाते, तारा निळसर ठरतो आणि आलेखावर वयस्कर रेषेवर जाऊन बसतो. एम वर्गाच्या ताऱ्यांसाठी आम्ही तो आलेख वापरत नाही.

एक नमुना सोडवून दाखवतो. समजा, एम १ वर्गाचा सदस्य आहे, जे प्रत ११.९०, एच (१.६५ मायक्रॉन) प्रत ११.००. दोन्हींतला फरक ०.९०. या वर्गाच्या कोवळ्या ताऱ्याचा मूळ फरक साधारण ०.७०, म्हणजे धुळीने वाढलेला ०.२०. त्याला ९.३५ ने गुणलं की दृश्य क्षीणन १.८७ प्रती, आणि त्याच्या ०.२८२ पट, म्हणजे ०.५३, हे जे पट्ट्यातलं. दुरुस्त प्रत ११.३७. ३२० पारसेकसाठी अंतरमापांक (अंतरामुळे प्रतीत पडणारा फरक) ७.५३ वजा केला की निरपेक्ष प्रत ३.८४. सगळ्या तरंगलांब्यांचा मिळून हिशेब धरायला सुमारे १.७० ची भर घालायची, म्हणजे ५.५४. सूर्याची ४.७४. फरक ०.८०, म्हणून दीप्ती सूर्याच्या ०.४८ पट. तापमान ३६३० धरून त्रिज्या १.७५. वस्तुमान प्रतिमानातून ०.५ च्या आसपास येतं. वरच्या सूत्रात घाला: ४५ × ०.२५ ÷ (१.७५ × ०.४८). उत्तर सुमारे १३.४ लाख वर्षं.

आता याच नमुन्याला धक्के देऊन पाहायचे. मूळ रंगात ०.०५ ची चूक झाली तर वय २० टक्क्यांनी हलतं. हा तारा एकटा नसून दोन सारख्या ताऱ्यांची न सुटलेली जोडी असेल, तर प्रत्येकाची दीप्ती निम्मी आणि वय २.८ पट, म्हणजे १३.४ लाखांचे सुमारे ३८ लाख. काहीही न चुकता, फक्त जोडी दिसली नाही म्हणून! गुच्छातल्या जोड्या एकेक करून हुडकणं शक्य नसतं. आम्ही हिशेबातच काही ताऱ्यांना कृत्रिम जोडीदार देऊन पाहतो आणि मध्यवय किती सरकतं ते नोंदवतो.

उलट दिशेचीही फसवणूक असते. तबकडी नेमकी कडेने आपल्याकडे वळलेली असली तर तारा स्वतः झाकला जातो आणि विखुरलेला उजेडच पोचतो. रंगात लाली फारशी नसते, म्हणून क्षीणनाची दुरुस्ती त्याला पकडत नाही. तारा दहापट मंद दिसतो आणि वय ३० पटींनी फुगतं. आलेखाच्या तळाशी कोट्यवधी वर्षांचे म्हातारे दिसले आणि त्यांच्याच वर्णपटात हायड्रोजनची ठळक उत्सर्जन रेषा असली, तर ते म्हातारे नव्हेत. अशांना वयाच्या हिशेबातून काढायचं, सदस्यांच्या यादीतून नाही.

कोवळे तारे चंचल असतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. डागांमुळे आणि कोसळणाऱ्या द्रव्यामुळे त्यांची प्रत दशांशांनी वरखाली होते. टूमासची जे आणि एच मोजमापं एकाच वेळी घेतलेली असल्याने त्यांच्यातला फरक भरवशाचा. गायाची एक प्रत आणि टूमासची एक घेऊन रंग बनवला, तर त्यात पंधरा ते एकोणीस वर्षांचं अंतर मिसळतं आणि क्षीणन कधीकधी ऋण येतं. ऋण आलेलं क्षीणन गुपचूप शून्य करणारे प्रोग्रॅम असतात. त्यांतून तारे एका बाजूला झुकतात. ऋण असेल तर ऋणच ठेवा, त्रुटीसकट.

आता प्रतिमानं. २०१५ च्या तक्त्यात ०.०७ ते १.४ सौरवस्तुमानांचे तारे आहेत आणि रेषा ५ लाख वर्षांपासून सुरू होतात. तापमान आणि दीप्तीच्या जाळीत आपला तारा बसवून मधल्या मूल्यांवरून वय काढायचं, आणि हे लॉगमध्ये करायचं. एकेका ताऱ्याच्या प्रती आणि तापमान त्रुटींइतके यादृच्छिक हलवून हजारदा वय काढलं की पसारा कळतो. इथे एक खड्डा आहे. ५ लाखांच्या रेषेच्या वर पडणाऱ्या ताऱ्यांना पायथन 'आकडा नाही' असं उत्तर देतं. ते तारे वगळून मध्य काढला तर सगळे तरुण बाहेर आणि गुच्छ वयस्कर. त्यांना '५ लाखांहून कमी' अशी नोंद देऊन मध्यकात मोजायचं. मध्यकाला क्रम पुरतो, नेमका आकडा लागत नाही.

तसंही १० लाखांच्या आतल्या आकड्यांना फार अर्थ नाही. प्रतिमानाचं घड्याळ एका मोठ्या, फुगलेल्या गोळ्यापासून सुरू होतं आणि तो शून्यक्षण सोयीने धरलेला असतो. खरा तारा त्या वेळी अजून द्रव्य गोळा करत असतो, तेही सारखं नाही, झटक्याझटक्याने. एकाच दिवशी जन्मलेले दोन तारे वेगवेगळ्या रीतीने वाढले तर पुढे काही लाख वर्षं त्यांची दीप्ती वेगळी राहू शकते.

आणि मग डाग. कोवळ्या ताऱ्यांचं चुंबकीय क्षेत्र जबर असतं. पृष्ठभागाचा मोठा भाग थंड डागांनी व्यापलेला असतो. डाग उष्णता अडवतात, तारा फुगलेला आणि थंड राहतो. बिनडागाच्या प्रतिमानाला असा तारा हलका आणि तरुण वाटतो. डाग किंवा चुंबकीय क्षेत्र धरणाऱ्या नव्या प्रतिमानांत याच ताऱ्याचं वय दुप्पट किंवा त्याहूनही जास्त येऊ शकतं. उत्तर वृश्चिक समूहाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८९ मध्ये त्याचं वय ५० लाख वर्षं काढलं गेलं आणि ते दोन दशकं टिकलं. २०१२ मध्ये एफ वर्गासारख्या जड ताऱ्यांवरून १ कोटी १० लाख आलं. एम वर्गाचे तारे मात्र साध्या प्रतिमानांत अजूनही ५० लाखांच्याच जवळ बसतात. चुंबकीय प्रतिमानं वापरली की दोन्ही कडा १ कोटीजवळ भेटतात. आयसी ३४८ चंही तसंच: बरीच वर्षं २० ते ३० लाख म्हटलं जायचं, २०१३ च्या फेरतपासणीत ६० लाख आलं.

म्हणून एकट्या ताऱ्याचं वय सांगायचं नाही, असा आमचा दंडक आहे. पूर्वी शाळेत पहिलीत नाव घालताना मुलाला डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरायला लावत. वर्गाच्या बाबतीत तो अंदाज बरा येई, एका मुलाच्या बाबतीत वर्षभर इकडेतिकडे. समवय रेषांचंही तेच आहे. आमच्या आलेखात एका ताऱ्याचा पसारा दोनपटीचा असतो. त्या पसाऱ्यावर बोट ठेवून 'या ढगात तारे ५० लाख वर्षं जन्मत होते' असं लिहिणारे भेटतात. आधी त्रुटी, जोड्या, डाग आणि चंचलपणा मिळून किती पसारा होतो ते कृत्रिम गुच्छावर काढावं. उरला तर तो ढगाचा. बहुतेकदा फारसं उरत नाही.

दुसरी वाट तबकड्यांची. २ मायक्रॉनपासून २४ मायक्रॉनपर्यंत ताऱ्याच्या उजेडाचा उतार काढायचा. ०.३ च्या वर असेल तर पहिला वर्ग, अजून कोषात, ०.३ ते उणे ०.३ सपाट, उणे ०.३ ते उणे १.६ दुसरा वर्ग, म्हणजे उघडा तारा आणि तबकडी. त्याखाली तिसरा, तबकडी संपलेली. मोजमापं स्पिट्झरची घ्यावीत. वाइज उपग्रहाची २२ मायक्रॉनवरची प्रतिमा १२ आर्कसेकंद रुंद आहे, आणि आयसी ३४८ च्या तेजोमेघात ती आजूबाजूची धूळ उचलून ताऱ्याला नसलेली तबकडी देते. प्रतिमा उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय वाइजवरून वर्ग ठरवू नये.

तबकडीवाल्यांचा हिस्सा वयाबरोबर घटतो. २००१ च्या प्रसिद्ध मोजणीनुसार ३० लाख वर्षांत निम्म्या तबकड्या जातात आणि ६० लाखांत जवळजवळ सगळ्या. वर्गांच्या संख्यांच्या गुणोत्तरावरूनही काळ काढतात: दुसऱ्या वर्गाला २० लाख धरले की पहिल्याला सुमारे ५ लाख येतात. पण हे ३० लाख आणि २० लाख आले कुठून? समवय रेषांवरूनच. रेषा दुपटीने सरकल्या की तबकड्यांचं आयुष्यही दुपटीने वाढतं. ही दुसरी वाट स्वतंत्र साक्षीदार नाही, हे लोक विसरतात. क्रम लावायला मात्र ती उत्तम आहे, कारण तिला अंतर लागत नाही.

लिथियमबद्दल प्रश्न हमखास येतो. ६७०८ अँगस्ट्रॉमवरची लिथियमची रेषा दिसली की तारा कोवळा, इतकं खरं. गाभा २५ ते ३० लाख केल्व्हिनला पोचला की लिथियम जळू लागतं. कुठल्या वस्तुमानाखाली ते अजून शिल्लक आहे, ती सीमा शोधून वय काढता येतं आणि त्यात प्रतिमानाची लुडबूड कमी असते. ही युक्ती साधारण २ कोटी वर्षांनंतर चालते. आयसी ३४८ मध्ये ही सीमाच अजून तयार झालेली नाही. तिथे लिथियमचा उपयोग घुसखोर ओळखायला, विशेषतः ढगामागचे राक्षसी तारे, ज्यांचा रंग सदस्यांसारखाच असतो.

वेगांवरून मागे जाणं इथे जमत नाही. सेकंदाला १ किलोमीटर म्हणजे १० लाख वर्षांत १.०२ पारसेक. या गुच्छातले तारे आपसात ०.७ च्या आसपास वेगाने फिरतात. ३० लाख वर्षांत २ पारसेक, म्हणजे गुच्छाची जेवढी त्रिज्या तेवढंच. तारे एकमेकांना ओलांडून गेलेले असतात, मूळ जागा पुसली गेलेली असते. पसरून गेलेल्या मोकळ्या समूहांना ही रीत ठीक.

एनजीसी १३३३ बरोबरची तुलना याच सगळ्यावर उभी आहे. तोही ययातीच्याच ढगात, पण २९३ पारसेकवर. जुन्या सवयीने दोघांना एकच अंतर, म्हणजे ३२० पारसेक, दिलं तर एनजीसी १३३३ चं वय २३ टक्क्यांनी कमी निघतं, म्हणून आधी दोघांचे पराशय वेगळे काढायचे. तिथे क्षीणन फार; कोषातले तारे गायाला दिसतच नाहीत. गायाची यादी आधार धरली तर ढगाच्या पुढच्या अंगाला बाहेर आलेले, तुलनेने थोराड तारेच हाती लागतात. म्हणून तिथे सदस्यांची यादी अवरक्त सर्वेक्षणांवरून घ्यावी आणि गाया फक्त अंतर आणि निजगतीसाठी ठेवावा. दोन्ही गुच्छांत एकाच वस्तुमानपट्ट्याचे, साधारण ०.२ ते ०.६ सौरवस्तुमानांचे तारे निवडायचे. हलके तारे प्रतिमानात तरुण आणि जड तारे वयस्कर दिसतात. पट्टे वेगळे असले तर तुलना गुच्छांची न होता वस्तुमानांची होते.

एवढं केलं की एनजीसी १३३३ चा मध्यक आलेखावर आयसी ३४८ च्या वर येतो, म्हणजे तो तरुण. तबकडीवाल्यांचा हिस्साही तिथे जास्त, आणि कोषातल्या ताऱ्यांची दाटी तर उघड दिसते. प्रतिमान कुठलंही लावलं तरी हा क्रम उलटत नाही. आकडे मात्र प्रत्येक प्रतिमानाबरोबर बदलतात. नोंदवहीत आम्ही वयापुढे पाच गोष्टी लिहितोच: कुठलं प्रतिमान, किती अंतर, कुठला तापमानतक्ता, क्षीणन कुठल्या रंगावरून आणि कुठला वस्तुमानपट्टा. यातली एकही नसेल तर दुसऱ्या कुणाच्या वयाशी आपलं वय ताडून पाहता येत नाही. आयसी ३४८ च्या ओळीत साध्या प्रतिमानाचं आणि डाग धरलेल्या प्रतिमानाचं वय शेजारीशेजारी लिहिलेलं आहे. त्यांची सरासरी आम्ही काढत नाही.